दारू सुटली, पण गुळाची भेली पुरेना

पांढरं_सोनं
नमस्कार. मी इथं वाचते पुष्कळ, लिहायची ही पहिलीच वेळ. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव, साडेचार एकर कोरडवाहू.

आमच्या ह्यांनी दारू सोडली त्याला आज ४१ दिवस झाले. पोळ्याच्या करीला गावात काय होतं ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. त्या रात्री हे नाल्याजवळ पडलेले सापडले, शेजारच्या पोरानं गाडीवर घालून आणलं. दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेत गेली नाही. रडली नाही, बोलली नाही, दप्तर मांडीवर घेऊन दिवसभर ओसरीवर बसून राहिली. तेव्हापासून ह्यांनी थेंब घेतला नाही. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात पाच दिवस भरती होते, त्यानंतरच्या गोळ्याही आता संपल्या.

माझा प्रश्न वेगळाच आहे. बारा वर्षांच्या संसारात ह्या माणसाला मी हौसेनं गोड खाताना पाहिलं नाही. पुरणाची पोळी केली की म्हणायचे, मले भजे दे. तोच माणूस आता रात्री दोन वाजता उठून डब्यातला गूळ खातो. चहात चार चमचे साखर घेतो. किलोची भेली चार दिवस पुरत नाही. पोरीच्या डब्यासाठी शेंगदाण्याचे लाडू केले होते, त्यातले सहा एका बैठकीत गेले. सासूबाई म्हणतात, एक व्यसन गेलं अन् दुसरं घरात आलं, डब्याले कुलूप लाव. मामंजींना शुगर होती, त्यांच्या पायाचं बोट कापावं लागलं होतं, त्यामुळे मलाही धाक वाटतो.

सोयाबीनची सोंगणी आटोपली की दिवाळीचं करायला घेईन. करंज्या, अनारसे करू की नको? दारू सोडल्यावर सगळ्यांचंच असं होतं का?

तर्री_पोहे
ताई, ४१ दिवस! आधी दादांचं अभिनंदन, आणि तुमचंही. गुळाचा हिशेब मागून करू.

वऱ्हाडी_बुढा
पोरी, कुलूप लावू नोको. माह्या लहान्या भावाचं असंच झालतं. त्यानं सोडली तवा आमची माय जिवंत होती. ते त्याच्या उशापाशी वाटीत गूळ अन् फुटाणे ठेवे. आमी म्हनो, मायनं लाडावून ठेवलं. माय म्हने, "थो राती उठून घरातल्या घरात फिरते, फाटकाबाहीर तं जात नाई ना!" थे बुढी शाळेत गेली नोती, पन तिले बराबर समजत होतं.

शेतकरी_दारव्हा
माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. दारू कशाची होते? गावठी होते काळ्या गुळाची, देशी होते साखर कारखान्याच्या मळीची. म्हणजे गूळ खाणं हे त्याच वाटेवर फिरत राहणं झालं. अंगातली ओढ जागी राहते. माझ्या चुलत्यानं दारू सोडली ती तिखट खाऊन, ठेचा-भाकरीवर. गोडाला हात लावला नाही. सासूबाईंचं मला पटतं.

मोहफूल
दारव्हा भाऊ, हे तेवढं बरोबर नाही. मी गडचिरोलीकडची, आमच्या घरी पिढ्यान् पिढ्या मोह वेचतात. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुलं गळतात, उन्हं चढायच्या आत टोपल्या भरून आणायच्या, अंगणात वाळवायच्या. वाळल्या फुलात निम्म्याहून जास्त साखरच असते, मुलं ती मनुकांसारखी खातात. आजी फुलं भाजून, तीळ घालून लाडू करायची. तीच फुलं माठात भिजवून आंबवली की आंबवणारे सूक्ष्म जीव साखर खातात आणि तिची दारू होते. मग ती भट्टीवर चढवून वाफ थंड केली की थेंब थेंब जे खाली पडतं त्यात साखर उरतच नाही. हातभट्टीचं काय आणि दुकानातल्या देशीचं काय, तेच.

म्हणजे गूळ खाल्ल्यानं दारूची चव लागते असं नाही. त्याच टोपलीतल्या फुलांचा लाडू खाऊन आमच्याकडे कोणी झिंगलेलं पाहिलं नाही.

शेतकरी_दारव्हा
मान्य. फुलाचं मला माहीत नव्हतं. पण मग ओढ गोडाकडेच का? तिखटाकडे का नाही?

अनामिक_सोबती
ताई, मला दारू सोडून नऊ वर्षं झाली. अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडलेल्यांच्या संस्थेच्या बैठकांना जातो, तिथल्या रिवाजाप्रमाणे नाव सांगत नाही. तुमचं लिहिणं वाचताना हात थांबला, कारण हे आमच्याच घरचं आहे.

माझं जिलबीवर होतं. दर्यापूरच्या बाजारात एका वळणावर माझे पाय आपोआप डावीकडे जायचे, कुठं ते सांगायला नको. सोडल्यावर त्या वळणाशी आलो की छातीत धडधडायचं. मी उजवीकडे वळून जिलबीवाल्यासमोर उभा राहायचो आणि उभ्या उभ्या पाव किलो खायचो. हाताला पाक, मिशीला पाक. ओळखीचे लोक पाहायचे. जिलबी संपेपर्यंत धडधड थांबलेली असायची आणि मी सायकल काढून घरी यायचो. आणखी एक दिवस पदरात पडायचा.

बायकोनं एकदा विचारलं, आता मिठाईवाल्याची उधारी व्हायची का? तिनं सहज विचारलं होतं, पण मला ते इतकं लागलं की त्या रात्री मी जवळजवळ गेलोच होतो. तीन महिने स्वतःशी झुंजणाऱ्या माणसाला घरचे घास मोजताहेत असं वाटलं, तर तो आतून तुटतो. म्हणून सासूबाईंना हात जोडून सांगा, निदान दादांच्या तोंडावर "दुसरं व्यसन" हा शब्द नको.

आमच्यात हे जुनं आहे. संस्थेचं मूळ पुस्तक अमेरिकेत १९३९ साली निघालं, त्यातही दारू सोडणाऱ्यानं गोड जवळ ठेवावं, तलफ आली की खावं असं एका डॉक्टरच्या सल्ल्यानं सांगितलेलं आहे. आमच्या बैठकीत चहा गोडमिट्ट असतो आणि मध्ये बिस्किटांचा पुडा फोडलेला असतो. नवीन माणूस आला की त्याच्याकडे पुडा दोनदा फिरतो.

आणि एक. आम्हाला चार गोष्टींपासून सांभाळायला शिकवतात : भूक, राग, एकटेपणा, थकवा. यात भूक पहिली आहे. हे रात्री किती वाजता जेवतात? संध्याकाळी सहा ते आठ काय करतात? प्यायची वेळ कोणती होती?

पांढरं_सोनं
दादा, प्यायची वेळ साडेसहा-सात. आता त्या वेळी ओसरीवर नुसते बसतात नाहीतर गोठ्यात जातात. जेवण साडेसातला, पण जेवतात कमी. एक भाकर, तीही अर्धी टाकतात. मग रात्री गूळ.

जिलबीचं वाचून रडू आलं. परवा मीच म्हणाले होते, "दुकानदार विचारते, घरी लग्न हाय का, एवढा गूळ?" ते काही बोलले नाहीत, उठून गोठ्यात गेले.

काकू_मोर्शीच्या
अगं बाई, मनाला लावून घेऊ नकोस, तू काही मुद्दाम नाही बोललीस.

जेवण कमी म्हणतेस तर भूक लागायला द्राक्षासव दे. दोन-दोन चमचे, जेवणानंतर. आमच्याकडे बाळंतिणीलासुद्धा द्यायचे. गोडही असतं, तोंडाला चव येईल.

अनामिक_सोबती
काकू, माफ करा, पण द्राक्षासव अजिबात नको! कोणतंही आसव नको, अरिष्ट नको. ती आंबवूनच करतात आणि त्यात आपोआप झालेलं अल्कोहोल असतं. बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. साध्या माणसाला दोन चमच्यांनी काही होत नाही. आमच्यासारख्याची जीभ मात्र त्या दोन चमच्यांत जुनी ओळख काढते. खोकल्याच्या काही औषधांतही असतं. ताई, दवाखान्यात कुठलंही पातळ औषध घेताना आधी सांगा की दारू सोडलेली आहे.

काकू_मोर्शीच्या
बरं झालं सांगितलंत हो. मला खरंच ठाऊक नव्हतं. ताई, माझं वरचं राहू दे.

पीएचसी_वाला
दिवसभर ओपीडी होती, आता धागा वाचला. मी ग्रामीण भागात सरकारी डॉक्टर आहे, मेळघाटातही काही वर्षं काढली. दारव्हा भाऊंचा "गोडाकडेच का" हा प्रश्न नेमका आहे, त्याच्यापासून सुरू करतो.

पहिला भाग साधा पोटाचा आहे. एक ग्रॅम अल्कोहोलमधून ७ कॅलरी मिळतात, साखरेतून ४. बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असेल तर १८० मिलीच्या एका क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे सव्वाचारशे कॅलरीच्या आसपास. रोज दोन क्वार्टर पिणारा माणूस साडेआठशे कॅलरी नुसत्या पिऊनच घेत होता. त्यातून पोषण काही नाही, पण शरीराला त्या मिळण्याची सवय झालेली असते. एका दिवसात त्या बंद झाल्या आणि जेवण मात्र तेच अर्धी भाकर. शरीर लवकरात लवकर मिळेल ते मागणारच, आणि लवकर मिळतं ते गोडातून.

दुसरा भाग यकृताचा. आपण उपाशी असतो तेव्हा यकृत साठवलेली साखर सोडतं आणि नवीन तयारही करतं. दारू आली की यकृत आधी ती निस्तरायच्या मागे लागतं आणि नवीन साखर करायचं काम मागं पडतं. न जेवता पिणाऱ्याची रक्तातली साखर त्यामुळे धोकादायक खाली जाऊ शकते. वर्षानुवर्षं पिऊन यकृताला इजा झाली असेल तर साखरेचा साठाच अपुरा राहतो, आणि दारू सोडल्यावरही रात्रीची लांब उपासमार अशा माणसाला झेपत नाही. यकृताच्या रुग्णांना म्हणूनच झोपण्यापूर्वी काहीतरी खायला सांगतात. दोन वाजता उठून गूळ खाण्यात निदान थोडा भाग या खऱ्या भुकेचा असू शकतो.

तिसरा भाग मेंदूचा. दारू आणि गोड, दोन्हींमुळे मेंदूतली एकच आनंदाची यंत्रणा हलते. डोपामिन हे नाव तुम्ही ऐकलं असेल. त्याच्या जोडीला शरीराची स्वतःची अफूसारखी द्रव्यंही काम करतात. दारूची ओढ कमी करायला नाल्ट्रेक्सोन नावाची गोळी देतात, ती याच अफूसारख्या द्रव्यांची जागा अडवते. वर्षानुवर्षं रोज साडेसहाला त्या यंत्रणेला मोठा धक्का मिळत होता. तो बंद झाला की सगळं बेचव, फिकं वाटतं. गोडानं छोटा धक्का मिळतो. तिखटानं जीभ पोळते, तेवढा आनंद मिळत नाही. चुलत्यांना ठेचा चालला असेल, माणसं सारखी नसतात.

आता ताईंसाठी. कुलूप नको. पहिले काही महिने गोड चालू द्या, पण जेवणाची घडी बदला. संध्याकाळी सहाला, तलफेच्या आधी, पोटभर काहीतरी द्या : उसळ, अंडं, दही-भाकर, फुटाणे. प्रथिनं पोटात असली की भूक एकदम उसळत नाही. झोपताना भाकरी-दूध. दिवाळीचं जरूर करा. आणि तुमच्या घरात मधुमेह आहे म्हणून एकदा उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी रक्तातली साखर तपासून घ्या, प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. बरीच वर्षं पिणाऱ्यांच्या स्वादुपिंडाला इजा होऊन त्यातूनही मधुमेह येतो, त्यामुळे ही तपासणी चुकवू नका. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी चाचणी कोणी सुचवली आणि घरात सिकलसेल हा रक्ताचा आजार असेल तर आधी तसं सांगा, त्यात ती चाचणी फसते. आपल्या विदर्भात सिकलसेल पुष्कळ आहे.

नागपुरी_संत्रं
डॉक्टरसाहेब, इतकं सोपं करून आजवर कोणी सांगितलं नव्हतं. मग ज्याला लहानपणापासून गोड आवडतं तो दारूडा होतो का? आमच्या घरात सगळेच सोनपापडीवाले आहेत.

पीएचसी_वाला
नाही, असं उलटं धरू नका. १९९७ साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या संशोधकांनी दारूचं व्यसन असलेल्या आणि नसलेल्या पुरुषांना कमी-जास्त गोडीचं साखरपाणी चाखायला दिलं. व्यसन असलेल्यांमध्ये सगळ्यात गोड पाणी पसंत करणारे बरेच जास्त निघाले. पुढच्या अभ्यासांत वडिलांना व्यसन असलेल्यांतही तसा कल दिसला. म्हणजे नातं आहे, रक्तातूनही थोडं येत असावं. पण गोड आवडणारे बहुसंख्य लोक दारूला शिवतही नाहीत. सोनपापडी निर्धास्त खा.

कुणाचीतरी_लेक
मी सहसा लिहीत नाही. वडिलांचं शेवटपर्यंत सुटलं नाही.

वरचं वडिलांबद्दलचं वाक्य तीनदा वाचलं. लहानपणी बाबा पिऊन आले की आई मला आणि भावाला स्वयंपाकघरात घेऊन दार लावायची आणि साखरेचा डबा समोर ठेवायची. बाहेर आवाज चालू असेपर्यंत आम्ही पोळीला साखर लावून खायचो. आज माझं वय ३४. ऑफिसात कोणी जोरात बोललं तरी माझा हात ड्रॉवरमधल्या चॉकलेटकडे जातो. भाऊ पितो.

पांढरं सोनं ताई, तुमची मुलगी दप्तर घेऊन ओसरीवर बसली, ती त्या दिवसापुरती बसलेली नाही. तिच्याशीही बोला. बाबा आजारी होते आणि आता बरे होताहेत, हे तिला कोणीतरी स्पष्ट शब्दांत सांगायला हवं. आम्हाला कोणी सांगितलं नाही.

काकू_मोर्शीच्या
पोरी, जवळ असतीस तर कुशीत घेतलं असतं.

पांढरं_सोनं
ताई, आज रात्रीच बोलते.

सातपुड्याचा_वारा
एक अनुभव सांगतो, कारण हा धागा वाचून कोणी उद्या घरच्या माणसाला एकदम बंद करून नुसता गूळ देत बसू नये.

माझ्या मामाची दारू घरच्यांनी लग्नघरात जबरदस्तीनं तोडली. पहिल्या दिवशी हात कापत होते, घाम येत होता. सगळे म्हणाले साखर कमी झाली, सरबत द्या. दिलं. कापणं थांबेना. तिसऱ्या दिवशी मामा भिंतीवरच्या मुंग्या वेचायला लागला, भिंतीवर मुंग्या नव्हत्या. मेलेल्या आजोबांशी बोलू लागला. बाहेरचं झालं म्हणून भगताला बोलावलं, एक आख्खा दिवस त्यात गेला. दवाखान्यात नेलं तेव्हा तापानं फणफणला होता. वाचला, पण थोडक्यात.

पीएचसी_वाला
बरं झालं लिहिलंत, हे मीच आधी लिहायला हवं होतं. रोज भरपूर पिणाऱ्यानं अचानक सोडली तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात हे भास, भ्रम, ताप. यात माणूस दगावतो. हात कापणं, घाम, घाबरं होणं ही लक्षणं साखर कमी झाल्याची आणि दारू तुटल्याची सारखीच दिसतात, म्हणून घरच्या घरी अंदाज करू नका. ताईंनी ह्यांना भरती केलं ते अगदी योग्य केलं.

दुसरं, आपल्याकडे अशा माणसाला आणलं की नातेवाईक म्हणतात, "डॉक्टरसाहेब, ग्लुकोजची बाटली लावा, ताकद येईल." बरीच वर्षं पिणाऱ्यांच्या शरीरात बी-१ हे जीवनसत्त्व, म्हणजे थायामिन, फार कमी असतं. साखर वापरायला शरीराला तेच लागतं. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवत राहिलं तर उरलंसुरलं थायामिन संपून मेंदूला इजा होऊ शकते : डोळे तिरपे होतात, चाल लटपटते, स्मरण जातं. म्हणून थायामिनचं इंजेक्शन आधी किंवा बरोबरीनं देतात. नातेवाईकांनी "बी-१ दिलं का" एवढं विचारलं तरी चालेल, कोणी चांगला डॉक्टर रागावणार नाही.

मोहफूल
आणि ते "न सांगता दारू सोडवा" वाले चूर्ण? आमच्या बाजारात पुड्या विकतात, बायका भाजीत घालतात.

पीएचसी_वाला
कृपा करून नको. पुडीत काय आहे ते कोणालाच माहीत नसतं. दारू सोडवायला देतात ती डायसल्फिरामची गोळी कुटून घातलेली असेल आणि त्या माणसानं वरून दारू घेतली तर उलट्या, धडधड, रक्तदाब एकदम खाली, जीवही जाऊ शकतो. ती गोळी माणसाला सांगून, त्याची संमती घेऊन, डॉक्टरच्या नजरेखालीच द्यायची असते.

शेतकरी_दारव्हा
पण साहेब, मुळात मिळतेच कशी एवढी? आमच्या शेजारचा वर्धा जिल्हा १९७५ पासून दारूबंद, गडचिरोली १९९३ पासून. चंद्रपूरला २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. वर्ध्यात पाहुणा गेला तरी संध्याकाळी त्याची सोय होते. बंदीनं काय झालं?

मोहफूल
भाऊ, ती बंदी बायकांच्या अंगावरच्या वळांतून आली आहे. बंदी आहे म्हणून आम्ही निदान पोलिसांपुढे उभ्या राहून बोलू शकतो. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेच्या पुढाकारानं २०१६ पासून मुक्तिपथ हा व्यसनमुक्तीचा कार्यक्रम चालू आहे, गावागावांत बायकांच्या संघटना आहेत, तालुक्याला उपचाराची सोय आहे. आमच्या गावची भट्टी बायकांनी फोडली तेव्हा मी तिथं होते. चोरून येते हे खरं, पण दारासमोर दुकान असणं आणि चोरून आणावी लागणं यात सोडू पाहणाऱ्या माणसासाठी फार फरक आहे. सोबती दादांनी त्या वळणाबद्दल लिहिलंय ना? ते वळणच नसतं तर?

अनामिक_सोबती
खरं आहे. ते वळण नसतं तर बरं झालं असतं.

वऱ्हाडी_बुढा
बंदीवर येगळा धागा काढा, भांडू थितं. इथं गोडाचं चालू हाय तं मले गाडगेबाबा आठवून रायले. बाबांचा बाप दारूपायीच गेला. बाबा आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, १८७६ चा जन्म. तवाची रीत अशी का लेकराचं बारसं असलं का जातभाईले मटन अन् दारू पाजाव लागे. बाबानं पोरीच्या बारशाले गोडाचं जेवन घातलं. भाऊबंद खवळले, पन बाबा हटले नाई. दारूच्या जागी गोड ठेवाची गोष्ट आपल्या वऱ्हाडात नवी नाई, पोरी. तू दिवाळीच्या करंज्या कर. सासूले हे वाचून दाखव.

काकू_मोर्शीच्या
वा, काका! आणि हे मी पटवून सांगते, करंजीत सारण भाजलेल्या तिळाचं, खोबऱ्याचं, थोड्या गुळाचं कर. पीठी साखर कमी. तीळ-खोबऱ्यानं पोट धरतं, दोन करंज्यांत माणूस थांबतो. अनारसे मात्र मोजके कर, ते एकामागून एक जातात.

तर्री_पोहे
काकू, आमच्या घरी तर कोणी थांबत नाही. दोन डबे करा, एक दादांचा अन् एक बाकीच्यांचा.

नागपुरी_संत्रं
डॉक्टरसाहेब, हे गोड किती दिवस चालतं? कायमचं झालं तर?

अनामिक_सोबती
माझं सांगतो. जिलबी चार-पाच महिन्यांनी आपोआप निम्मी झाली. वर्ष झालं तेव्हा पोट सुटलं होतं, आठ किलो वजन वाढलं होतं. मग सकाळी चालायला लागलो, चहातली साखर एकेक चमचा कमी केली. दारूसारखं एका दिवसात नाही तोडलं. एका वेळी एकच लढाई. अजूनही बाजाराच्या दिवशी दोन जिलब्या खातो. आता मात्र आवडते म्हणून खातो.

पीएचसी_वाला
बहुतेकांचं असंच ओसरत जातं. सहा महिने-वर्षानंतरही गोडाशिवाय चैन पडत नसेल, वजन वाढतच असेल, लपवून खाणं चालू असेल, तर पुन्हा भेटून बोलावं. उदासी आत दबलेली असू शकते. तिचा उपचार वेगळा.

पांढरं_सोनं
सगळ्यांना नमस्कार. दिवाळी झाली, कापसाची वेचणी चालू आहे, म्हणून उशीर झाला. आज ७० दिवस.

धागा मी आधी एकटीनं वाचला, मग सासूबाईंना वाचून दाखवला. गाडगेबाबांचं ऐकून त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "कुलूप काढून टाक." कुलूप मी लावलंच नव्हतं, पण त्यांना ते लागलेलंच वाटत होतं.

मग ह्यांना मोबाईल दिला. त्यांनी सोबती दादांचं जिलबीचं वाचलं. रात्री पहिल्यांदा आपणहून बोलले. म्हणाले, साडेसहाला अंगात असं होतं की कोणीतरी आतून दोरी ओढते. गूळ तोंडात धरला की दोरी थोडी सैल पडते. रात्री दोनला जाग येते ती स्वप्नानं. स्वप्नात प्यालेले असतात आणि जागे झाल्यावर तोंडाला वास येतो का ते हातावर फुंकर मारून पाहतात. मग भीतीनं गूळ खातात. हे मला ७० दिवसांत माहीत नव्हतं.

अनामिक_सोबती
ताई, ते स्वप्न मला अजून पडतं. दादांना सांगा, स्वप्नात प्यालेली मोजत नाहीत.

पांढरं_सोनं
सांगितलं, हसले.

शुगर तपासली. उपाशीपोटी ११८. डॉक्टरबाई म्हणाल्या, मधुमेह नाही पण उंबरठ्यावर आहे, तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. आता सहाला उकडलेली अंडी किंवा मटकी, झोपताना भाकर-दूध. शेतात जाताना खिशात फुटाणे आणि गुळाचा एक खडा. भेली आता आठ-नऊ दिवस जाते. करंज्या काकूंच्या सांगण्याप्रमाणे तिळाच्या केल्या. ह्यांनी दोन दिवसांत अकरा खाल्ल्या. मी मोजल्या, पण बोलले नाही.

मुलीशी मी बोलले आणि दुसऱ्या दिवशी हे स्वतः बोलले. काय बोलले ते दोघांनी मला सांगितलं नाही. आता साडेसहाला ती ओसरीवर त्यांच्याजवळ पाढे म्हणत बसते. लेक ताई, तुमच्यामुळे.

कुणाचीतरी_लेक
भावाला काल हा धागा पाठवला. त्यानं अजून उत्तर दिलेलं नाही, पण वाचलाय असं दिसतंय.

पांढरं_सोनं
सोबती दादा, एक विचारायचं होतं. हे बैठकीला यायला तयार झाले. तालुक्याच्या गावी सोमवारी संध्याकाळी असते असं कळलं. सात वाजता सुरू होते म्हणतात, आणि आमची शेवटची बस साडेसातची आहे. परत कसं यायचं?

अनामिक_सोबती
बसचं सोडा. मी लांब आहे, पण तुमच्या तालुक्यातला आमचा एक सोबती आहे, मोटारसायकल आहे त्याच्याकडे. मला इथं निरोप पाठवा, तो सोमवारी सहाला फाट्यावर येईल आणि रात्री घरापर्यंत सोडेल. दादांना म्हणावं येताना खिशात फुटाणे ठेवा, बैठक दीड तास चालते.

शेतकरी_दारव्हा
सोमवारी तो आला नाही तर मला कळवा ताई. माझं गाव तिथून नऊ किलोमीटर आहे. मी येतो.